मोरपंखीच्या खोडातली एक रांग : प्रकल्प नोंदी

७ जून

एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय आज ठरला. तो सुचला उद्यमनगरात, बाबांच्या दुकानात.

बाबा पॅटर्नमेकर. फाउंड्रीत बिडाचं कास्टिंग ओतायचं तर त्या आकाराचा लाकडी पॅटर्न आधी लागतो, तो ते करतात. कायमच्या पॅटर्नला साग वापरतात. एकदोनदाच लागणार असेल तर मशिनरीच्या खोक्यांतून निघालेल्या पाइनच्या फळ्या चालतात. अशीच एक फळी त्यांनी शनिवारी रंधून सरळ केली होती, आज ती धनुष्यासारखी वाकलेली निघाली. एक कड पांढुरकी, दुसरी तांबूस. बाबांनी नुसती कडेवर बोट ठेवून सांगितलं, "ही लाल बाजू बघ. लाल फळी कवाच सरळ ऱ्हात न्हाई."

ते हे हातानं ओळखतात. मला ते पेशीच्या भिंतीत बघायचंय. लाल बाजू म्हणजे कॉम्प्रेशन वुड, कललेल्या सूचिपर्णी झाडाच्या खालच्या अंगाला तयार होणारं लाकूड. ते तयार होताना सेल्युलोज, लिग्निन आणि पेक्टिन हे पेशीभिंतीचे घटक तिच्यात कुठे कुठे बसतात, हा प्रश्न. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विषय ऐकला आणि एवढंच विचारलं, "कोल्हापुरात वाढतं सूचिपर्णी झाड कुठून आणणार?"

१४ जून

मोरपंखी. अंगणाअंगणात आहे आणि रोपवाटिकेत कधीही मिळतं. हिमालयातल्या चीड-देवदाराचं हे लांबचं भाऊबंद. पानं सुईसारखी नसून खवल्यांची, पण लाकूड अस्सल सूचिपर्णी. त्यात वाहिन्या नाहीत, जवळजवळ सगळं काम ट्रॅकीड नावाच्या लांबट पेशी करतात आणि आडव्या किरणपेशी तेवढ्या मधून जातात. मैत्रिणीनं आदल्या दिवशी सुरूची फांदी आणून दिली होती. पानांवरून कुणालाही ते सूचिपर्णी वाटेल, पण काप घेतल्याबरोबर वाहिन्यांची गोल भोकं दिसली. सुरू सपुष्प वनस्पती आहे, ती बाजूला ठेवली.

सहा रोपं घेतली, सगळी अंगठ्याएवढ्या खोडाची. तीन सरळ ठेवली. तीन कुंड्या विटांवर टेकवून साधारण ४५ अंशांत कलत्या केल्या आणि शेंडा वर वळू नये म्हणून खोडं कामट्यांना बांधली. गच्चीवर पाऊस भरपूर लागतो, त्यामुळे वाढ जोरात होईल. प्रत्येक खोडाच्या खालच्या अंगाला ऑइलपेंटचा ठिपका दिला. कापल्यावर वरची बाजू कोणती न् खालची कोणती हे कळलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात जाईल.

२० जून

भिंतीची रचना इथे एकदा लिहून ठेवते, पुढच्या सगळ्या नोंदी तिच्यावरच आहेत.

दोन शेजारी पेशींच्या मध्ये चिकटवणारा थर असतो, तो मध्यपटल. त्यात सुरुवातीला पेक्टिन जास्त. त्याला लागून पातळ प्राथमिक भिंत. पेशी आकारानं वाढायची थांबली की आतून दुय्यम भिंत बसू लागते, तिचे तीन थर : एस-१, एस-२, एस-३. हे तीन थर १९३४ साली केर आणि बेली यांनी ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाच्या साहाय्यानं नीट उलगडून दाखवले. थरांत फरक आहे तो सेल्युलोजच्या सूक्ष्मतंतूंच्या कलाचा. एस-१ मध्ये ते फेट्याच्या वेढ्यांसारखे जवळजवळ आडवे. एस-२ मध्ये दोराच्या पिळातल्या धाग्यांसारखे उभट, साध्या लाकडात पेशीच्या अक्षापासून ५ ते ३० अंशांत. एस-३ मध्ये पुन्हा आडवे. एस-२ सर्वांत जाड आणि लाकडाची वागणूक बहुतेक तोच ठरवतो. तंतूंच्या मधल्या जागेत हेमिसेल्युलोज, म्हणजे शर्करांच्या आखूड साखळ्या; सूचिपर्णी झाडांत मुख्यतः गॅलॅक्टोग्लुकोमॅनन (पुढे नुसतं ग्लुकोमॅनन) आणि त्याहून कमी झायलन. शेवटी लिग्निन येतं आणि सगळं घट्ट धरून ठेवतं.

साध्या सूचिपर्णी लाकडात सेल्युलोज ४० ते ४५ टक्के आणि लिग्निन २५ ते ३२ टक्क्यांच्या आसपास. पण ही सरासरी अख्ख्या लाकडाची झाली. भिंतीच्या कोणत्या थरात किती, हा मुद्दाच वेगळा.

५ जुलै

आज फ्लोरोग्लुसिनॉल. अल्कोहोलमधला द्राव टाकायचा, मग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. लिग्निन असेल तिथे किरमिजी लाल रंग चढतो. द्राव चांगला आहे का हे आधी पाहिलं. वर्तमानपत्राचा तुकडा लाल झाला, कारण त्या कागदाच्या लगद्यातून लिग्निन काढलेलं नसतं. गाळणकागद कोरा राहिला. घरून आणलेल्या उसाच्या कांडीचा काप घेतला, त्यात गाभ्याच्या फिकट पार्श्वभूमीवर प्रत्येक वाहक पूल (पाणी आणि अन्न वाहणाऱ्या पेशींचा जुडगा) लाल कंकणासारखा उठून दिसला. ती स्लाइड मी उगीचच पाच मिनिटं बघत बसले.

मोरपंखीचा काप मात्र फाटला. साल आणि लाकूड यांच्या मधला, नव्या पेशी घडवणारा थर म्हणजे कॅम्बियम. पावसाळ्यात ते जोरात असतं, तिथल्या पेशींची भिंत नुसती प्राथमिक, ओल्या कागदासारखी. ब्लेड साल ओलांडून लाकडाकडे जातानाच साल निसटून वेगळी होते. आणि मला जे बघायचंय ते नेमकं त्या निसटणाऱ्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये आहे.

१२ जुलै

उपाय सापडला. खोडाचे छोटे तुकडे फॉर्मॅलिन, ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ३ दिवस, नंतर ग्लिसरीन-अल्कोहोलमध्ये. तुकडा पपईच्या देठात बसवून नवं ब्लेड, तेही एका स्लाइडपुरतंच. ब्लेड सालीकडून आत न नेता कॅम्बियमच्या रेषेला समांतर सरकवायचं. पंधरा कापांत दोन चांगले मिळाले. मॅडम म्हणाल्या, दोन पुरे.

पुरेच होते. कॅम्बियमपासून आत निघालेली पेशींची एकच रांग धरून बसले. एका रांगेतल्या सगळ्या पेशी एकाच मातृपेशीच्या वंशातल्या, बाहेरची सर्वांत नवी, आतली सर्वांत जुनी. म्हणजे एका काचेवर एका ट्रॅकीडचा सारा जन्म शेजारी शेजारी मांडलेला. वेळेनुसार नमुने गोळा करायचे कष्ट झाडानं स्वतःच वाचवले आहेत.

बाहेरून मोजत गेले. पहिल्या सहा-सात पेशी चपट्या, बिनरंगाच्या. मग फुगलेल्या, तरी बिनरंगाच्याच. मग एका पेशीपाशी थांबले. भिंत अजून कोरी होती, पण चार पेशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात लाल ठिपका. टोकदार सुईनं टोचल्यासारखा. पुढच्या पेशीत ठिपका मोठा, त्यापुढे दोन ठिपक्यांना जोडणारी लाल रेघ, म्हणजे मध्यपटल. त्याच्या दोन पेशी पुढे दुय्यम भिंतीला गुलाबी छटा, आणि ती बाहेरून आत चढत गेलेली. लिग्निन कोपऱ्यांतून सुरू होतं हे पुस्तकात वाचलेलं होतं. ते डोळ्यांसमोर बघितल्यावर सूक्ष्मदर्शक दुर्बिणीवरून मान उचलवेना.

फोटो लगेच घ्यायचे. हा रंग तासाभरात उतरतो, आणि आम्लाची वाफ भिंगाला लागू द्यायची नाही.

२६ जुलै

तीन दिवस सततचा पाऊस, पंचगंगा पात्राबाहेर. कॉलेज बंद, कुंड्यांची काळजी. मधल्या भाऊनं गच्चीवर जाऊन कामट्या पुन्हा घट्ट केल्या. घरी बसून वाचन.

माझ्या प्रयोगवहीतल्या १२ तारखेच्या नोंदीत एक चूक आहे. मी वहीत लिहिलं होतं, "लिग्निन मुख्यतः कोपरे व मध्यपटलात." रंग तिथे गडद म्हणून मी तसं लिहिलं. कॅनडात गोरिंग यांच्या गटानं १९६९ साली ब्लॅक स्प्रूसच्या लाकडात अतिनील सूक्ष्मदर्शकानं मोजमाप केलं होतं. हंगामाच्या सुरुवातीच्या लाकडात लिग्निनचं प्रमाण कोपऱ्यात ८५ टक्के, मध्यपटलात ५० आणि दुय्यम भिंतीत फक्त २२. इथवर माझं वाक्य बरोबर वाटतं. पण जागा किती? दुय्यम भिंतीनं एकूण जागेतली ८७ टक्के व्यापलीय, मध्यपटलानं ९ आणि कोपऱ्यांनी ४. मी स्वतः गुणाकार करून पाहिला. लाकडातल्या एकूण लिग्निनपैकी सुमारे ७१ टक्के दुय्यम भिंतीतच निघतं, जिथे मला नुसती फिकट गुलाबी छटा दिसली होती.

महाद्वार रोडवर दिवाळीच्या आधी पाय ठेवायला जागा नसते, म्हणून जिल्ह्यातली बहुतेक माणसं महाद्वार रोडवर राहतात असं कुणी म्हणणार नाही. मी तेच म्हटलं होतं. वाक्य खोडलं, पण वहीत दिसेल असं ठेवलंय.

दुसरी गोष्ट याहून अवघड. फ्लोरोग्लुसिनॉल अख्ख्या लिग्निनला रंगवत नाही. लिग्निनच्या साखळीच्या टोकांना जे कोनिफेराल्डिहाइडसारखे गट असतात त्यांच्याशीच त्याची प्रक्रिया होते. म्हणून गडद लाल म्हणजे ते गट जास्त, एवढंच खात्रीनं म्हणता येतं. यापुढे वहीत "लिग्निन जास्त" लिहायचं नाही, "लाल रंग गडद" लिहायचं.

१० ऑगस्ट

आठ आठवडे झाले. एक कलतं आणि एक सरळ रोप कापलं.

कलत्या खोडाचा आडवा काप हातात धरून उजेडाकडे केला तर भिंगाशिवायच कळत होतं. ऑइलपेंटच्या ठिपक्याकडच्या अर्ध्या भागात तांबूस चंद्रकोर, वरच्या अर्ध्यात काही नाही. खोडाचा मूळ गाभा मधोमध न राहता वर सरकलेला, कारण खालच्या अंगाला वाढ जास्त झालीय. बाबांच्या फळीची लाल कड म्हणजे हीच चंद्रकोर, दूरच्या देशातल्या कुठल्या तरी उतारावरच्या झाडातली.

दुर्बिणीखाली चंद्रकोरीतल्या पेशी गोल निघाल्या. साध्या लाकडात ट्रॅकीड फरशांसारख्या चौकोनी-षटकोनी असतात आणि एकमेकींना चिकटून बसतात. इथे गोल, म्हणून कोपऱ्यांत पोकळी. जिथे साध्या लाकडात सर्वांत गडद लाल ठिपका होता तिथे आता भोक आहे. लाल रंग भिंतीत सरकलाय. एस-२ च्या बाहेरच्या भागात प्रत्येक पेशीला एक गडद लाल कडं, आणि आतला भाग त्याहून फिकट. अभ्यासक या कड्याला वेगळ्या नावानं ओळखतात, एस-२ एल. कॉम्प्रेशन वुडमध्ये एकूण लिग्निन ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जातं आणि सेल्युलोज त्या मानानं घटतं. लिग्निनची घडणही बदलते. साध्या सूचिपर्णी लिग्निनमध्ये जवळजवळ सगळे ग्वायसिल नावाचे घटक असतात, इथे पी-हायड्रॉक्सिफेनिल नावाच्या वेगळ्या घटकांची बरीच भर पडते. हा बदल माझ्या रंगांना कळणार नाही. तो अहवालात "वाचनातून" या मथळ्याखाली जाईल.

१७ ऑगस्ट

ध्रुवित प्रकाशाचा दिवस. विभागातल्या साध्या दुर्बिणीलाच दोन पोलरॉइडचे तुकडे बसवले, एक स्लाइडखाली, एक नेत्रिकेवर. वरचा तुकडा फिरवत फिरवत दृश्य काळं केलं. अंधारात सरळ रोपाच्या भिंती उजळल्या. प्रत्येक पेशीला बाहेरून चमकती रेघ, आत अगदी बारीक दुसरी रेघ आणि दोहोंच्या मध्ये मळकट काळपट पट्टा. बाहेरची रेघ एस-१, आतली एस-३, काळपट पट्टा एस-२. एस-२ मधले तंतू आपल्याकडे टोक करून उभे असतात म्हणून ते चमकत नाहीत. सर्वांत जास्त सेल्युलोज असलेला थर सर्वांत अंधारा दिसतो. २६ जुलैचा धडा इथे पुन्हा आला, या वेळी सेल्युलोजच्या बाबतीत. डोळ्याला जे ठळक दिसतं त्यावरून प्रमाण ठरवायचं नाही.

कलत्या रोपाच्या चंद्रकोरीत आतली चमकती रेघ गायब. तिथे एस-३ तयारच होत नाही. आणि मधला पट्टा काळा न राहता उजळलाय, म्हणजे एस-२ मधले तंतू आता उभे नाहीत, तिरके पडलेत.

मग जो काप फ्लोरोग्लुसिनॉलनं रंगवायचा होता तो आधी ध्रुवित प्रकाशात बघितला, नंतर रंगवला आणि तीच रांग दोनदा टिपली. ज्या पेशीच्या कोपऱ्यात पहिला लाल ठिपका आला, त्या पेशीची भिंत आधीच चमकू लागलेली होती. म्हणजे एस-१ बसू लागल्यावरच कोपऱ्यात लिग्निन उगवतं, त्याआधी नाही. तीन रांगांत पाहिलं, तिन्हींत तसंच. या अख्ख्या प्रकल्पात माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पक्कं झालेलं हे पहिलं वाक्य.

३० ऑगस्ट

पेशी एकमेकींपासून सुट्या करायला दोन्ही खोडांच्या लाकडाच्या काड्या ग्लेशियल ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या समभाग मिश्रणात ६० अंशांवर ठेवल्या होत्या. दोन दिवसांत पांढऱ्या पडल्या, पाण्यात हलवल्या तर कापसासारख्या सुटल्या. मध्यपटलातलं लिग्निन गेलं की पेशींना धरून ठेवणारं काही उरत नाही.

सुट्या ट्रॅकीडवर तंतूंचा कल मोजायचा सोपा मार्ग म्हणजे भिंतीवरच्या खाचांची भोकं. जाड भिंतीत ही भोकं फटीसारखी होतात आणि फट तंतूंच्या दिशेनं झुकते. पातळ भिंतीतली भोकं गोल, त्यांचा उपयोग नाही. प्रत्येक गटात ४० पेशी मोजल्या. चंद्रकोरीतल्या फटी बहुतेक ३५ ते ४५ अंशांत. आतल्या बाजूला तिरक्या बारीक चराही दिसल्या, त्याही त्याच दिशेच्या. सरळ रोपात बहुतेक २० ते ३० अंशांत.

सरळ रोपाचा आकडा मला जास्त वाटला. मॅडमनी कारण सांगितलं. गाभ्याजवळच्या कोवळ्या लाकडात कल मुळातच जास्त असतो, झाड वयात आल्यावर तो उतरतो. माझी रोपं लहान, म्हणून तुलना कोवळ्या लाकडाशी कोवळ्या लाकडाची, हे अहवालात पहिल्याच परिच्छेदात यायला हवं.

१३ सप्टेंबर

हेमिसेल्युलोजचं प्रकरण आज बंद केलं. रुथेनियम रेडनं पेक्टिन बघितलं. कॅम्बियमच्या पट्ट्यात गुलाबी रंग ठळक, लिग्निन आल्यावर मध्यपटलात तो फिका. ग्लुकोमॅनन आणि झायलनसाठी मात्र साधा रंग नाही. त्यांना ओळखणारी प्रतिपिंडं लागतात, एलएम-१० आणि एलएम-११ झायलनसाठी, एलएम-२१ आणि एलएम-२२ मॅननसाठी. ती आमच्या खर्चात बसत नाहीत.

वाचलेलं मात्र इथे नोंदवावंसं वाटतं, कारण ते माझ्या प्रश्नाच्या गाभ्याला हात घालतं. सुगी नावाच्या जपानी सूचिपर्णी झाडाच्या वाढत्या लाकडात प्रतिपिंडांनी पाहिलं तर ग्लुकोमॅननची खूण भिंत बनत असताना वाढत जाते आणि भिंत पक्व झाली की ओसरलेली दिसते. ग्लुकोमॅनन कुठे जात नाही. त्याच्यावरचे ॲसेटिल गट आणि भोवती चढलेलं लिग्निन यांमुळे प्रतिपिंड तिथवर पोचत नाही. सौम्य अल्कलीनं ॲसेटिल गट काढले की खूण पुन्हा उमटते. महागड्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही तोच प्रश्न उभा आहे जो माझ्या फ्लोरोग्लुसिनॉलच्या थेंबात होता : मला दिसतंय ते पदार्थाचं असणं, की माझ्या रंगाचं तिथवर पोचणं? मॅडमना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "प्रकल्पाचा निष्कर्ष हाच लिहा, बाकी सगळं त्याचा पुरावा."

२७ सप्टेंबर

बाबांच्या दुकानात. फळीच्या लाल कडेतून एक आणि पांढऱ्या कडेतून एक अशा दोन पट्ट्या त्यांनी करवतीनं रेषेला धरून काढून दिल्या होत्या. चार दिवस पाण्यात भिजवल्या, ओल्या असताना दोन्ही नेमक्या २०० मिलिमीटर लांबीच्या तासून घेतल्या, मग विभागातल्या ओव्हनमध्ये पूर्ण सुकवल्या. आज व्हर्नियरनं मोजल्या.

पांढरी पट्टी ०.४ मिलिमीटरनं आखडली. लाल पट्टी २.८ मिलिमीटरनं.

लाकूड सुकताना रुंदीत आखडतं, लांबीत जवळजवळ नाही, असं प्रत्येक सुतार धरून चालतो. तंतू उभे असतील तर ते खरं आहे, कारण आखडायचं ते तंतूंच्या मधलं अंतर. तंतू ४५ अंशांपर्यंत तिरके झाले की तेच आखडणं लांबीतही उतरतं. फळीची एक कड २.८ नं ओढते, दुसरी ०.४ वर अडून बसते, फळी वाकणारच.

बाबांना स्लाइडचे फोटो दाखवले. लाल कडं बघून ते काही बोलले नाहीत. दोन पट्ट्यांचे आकडे ऐकल्यावर मात्र त्यांनी भिंतीवरची श्रिंकेज पट्टी काढली. बीड थंड होताना साधारण १ टक्का आखडतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो आणि त्यासाठी ही पट्टी मुळातच वाढीव खुणांची असते. त्यांनी लाल पट्टीवर ती धरली, मनाशी हिशेब केला आणि म्हणाले, "म्हंजे हे लाकूड बिडापेक्षा जास्त आखडतंय. आन् आमी त्याच्यावरनं बिडाचं माप काढतोय." दोन्ही पट्ट्या त्यांनी श्रिंकेज पट्टीशेजारीच खिळ्याला टांगल्या.

२८ सप्टेंबर

दोन कलती रोपं उरली आहेत. त्यातलं एक आज उलट्या बाजूला कलतं करून बांधलं, म्हणजे आतापर्यंतची खालची बाजू वर गेली. नवा ठिपका निळ्या रंगाचा. लाल चंद्रकोर थांबून समोरच्या अंगाला नवी सुरू होईल तेव्हा त्या रांगेतल्या कोणत्या पेशीची भिंत आज बसत होती, हे नेमकं कळेल. ती पेशी अर्धी एका सवयीनं आणि अर्धी दुसऱ्या सवयीनं बांधलेली असणार. तिचे तंतू बघायचेत. कापायची तारीख २२ नोव्हेंबर.